तीन दिवसांत दहा वायनऱ्या?

प्रश्न : आम्ही दोन जोडपी सप्टेंबरअखेर फ्रान्समधल्या बोर्दोला तीन दिवस जाणार आहोत. दहा वायनऱ्यांची यादी केली आहे, पाच मेदोकमधल्या आणि पाच सेंट एमिलियनमधल्या. नकाशावर दोन्ही भाग अगदी शेजारी दिसतात. गाडी भाड्याने घेऊ. यादी सोबत जोडली आहे, क्रम तेवढा लावून द्याल का?

उत्तर : क्रम लावून देत नाही. यादीतली सात नावं खोडते आणि ती का खोडली ते सांगते.

आधी पोटाचा हिशेब. टेस्टिंगमध्ये एका वाइनचे साधारण ४० ते ५० मिलिलिटर ओततात आणि एका ठिकाणी चार-पाच वाइन चाखायला देतात. ५० मिलिलिटरच्या पाच वाइन म्हणजे २५० मिलिलिटर, बाटलीचा तिसरा हिस्सा. तिसऱ्या वायनरीतून बाहेर पडेपर्यंत प्रत्येकाच्या पोटात अख्खी बाटली गेलेली असते आणि ते कुणाच्या लक्षातही आलेलं नसतं, कारण ग्लास एकदाही भरलेला दिसत नाही. १३ टक्क्यांच्या बाटलीत सुमारे ७७ ग्रॅम अल्कोहोल असतं. शरीर ते तासाला सात ते दहा ग्रॅम या गतीने निकालात काढतं, म्हणजे आठ ते अकरा तास धरा. फ्रान्समध्ये रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम सापडलं की चालकावर कारवाई होते, परवाना नवा असेल तर ०.२ लाच. ‘आमच्यातला एक जण कमी पिईल’ हा बेत मी फार वेळा ऐकला आहे. दुसऱ्या वायनरीपर्यंत तो टिकतो.

मी काही वर्षं टेस्टिंगच्या टेबलामागे उभी राहून वाइन ओतायचं काम केलं आहे. दिवसातल्या चौथ्या ठिकाणी आलेली मंडळी दारातच ओळखू यायची. आवाज एक पट्टी वर, आणि पहिली चौकशी स्वच्छतागृहाची. त्यांच्यासाठी मी राखून ठेवलेली बाटली उघडायची नाही, खोटं कशाला बोलू. सकाळी साडेदहाला दोघं येऊन नीट बसली की तीच बाटली आपोआप बाहेर यायची. दिवसाला दोन वायनऱ्या, एक जेवणाआधी आणि एक जेवणानंतर. यापेक्षा जास्त केलेल्या दिवसाचं पुढे फोटोंखेरीज काही आठवत नाही.

आता नकाशा. मेदोक आणि सेंट एमिलियन यांच्या मध्ये पाणी आहे. बोर्दो शहराच्या खाली, समुद्राच्या दिशेला, जिरोंद या रुंद नदीमुखावर एकही पूल नाही. मेदोकमधल्या पोयाकहून सेंट एमिलियनला जायचं तर शहरापर्यंत मागे येऊन पुन्हा बाहेर पडावं लागतं, दीड तास तरी जातो. मेदोकच्या काठावरच्या लामार्कहून समोरच्या ब्लायला फेरीबोट आहे. पलीकडे उतरल्यावर वोबाँ या जुन्या फ्रेंच दुर्गरचनाकाराने बांधलेला किल्लाही बघण्यासारखा आहे, पण तो वेगळ्या दिवसाचा बेत. एका दिवशी एकच काठ धरा. वाइनच्या दृष्टीनेही ते बरं. मेदोकच्या गोटाळ जमिनीत कॅबरने सोव्हिन्यॉन ही द्राक्षाची जात चांगली पिकते, सेंट एमिलियनच्या चिकणमाती-चुनखडीत मर्लो. सलग एका काठावर चाखलंत तर जमिनीचा फरक जिभेला कळायला लागतो. दोन्हींची सरमिसळ केलीत तर सगळंच ‘छान लाल’ लागतं.

तुमच्या जागी मी असते तर असं केलं असतं. पहिला दिवस वायनरीविना. प्रवासाने जीभ बधिर झालेली असते. शहरात फिरा, २०१६ मध्ये उघडलेलं सिते द्यु व्हँ हे वाइनचं संग्रहालय बघा, लवकर झोपा. दुसऱ्या दिवशी रेल्वेने सेंट एमिलियन. स्टेशनापासून गाव वीसेक मिनिटं चालत, वाट बागांमधूनच जाते. पायी पोचता येतील अशाच दोन वायनऱ्या निवडा आणि मधल्या वेळात खडकात कोरलेलं भूमिगत चर्च बघा. तिसऱ्या दिवशी मेदोक, पण चालकासह गाडी घेऊन. चौघांत तो खर्च विभागला जातो आणि मागच्या सीटवर कुणी रुसून बसत नाही.

मेदोकमध्ये तुम्ही पाचही नावं १८५५ च्या प्रतवारीतली घेतली आहेत. ती प्रतवारी त्या वर्षीच्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी झाली आणि तिचा आधार होता बाजारातला भाव. तिच्या पायऱ्यांमध्ये पुढे गाजलेली बढती एकच, १९७३ मध्ये शातो मुतों-रोतशिल्ड ही वायनरी दुसऱ्या पायरीवरून पहिलीवर गेली. अशा मोठ्या घरांपैकी एक जरूर बघा, पिंपांची रांग डोळ्यांत भरते. दुसरं ठिकाण मात्र यादीबाहेरचं, त्या प्रतवारीत नसलेल्या मेदोकच्या वायनऱ्यांच्या ‘क्रू बुर्जवा’ गटातलं एखादं. तिथे प्रश्न विचारायला जागा असते आणि उत्तर देणाऱ्याच्या नखांत बहुधा माती असते.

यादीतली तीन नावं आणि बाहेरचं एक, अशी चार ठिकाणं झाली, पण वेळ न ठरवता त्यातलं एकही दार उघडणार नाही. महिनाभर आधी ईमेल करा. किती जण, कोणती भाषा, सकाळ की दुपार, एवढंच लिहा. उत्तर आलं नाही तर नाव बदला, पाठपुरावा करत बसू नका. सप्टेंबरअखेर तर विशेषच. ते का, ते खालच्या उत्तरात आहे.

प्रश्न : द्राक्षं वेलीवर असताना जावं की तोडणी झाल्यावर? मुलांच्या सुट्ट्यांचा आता प्रश्न नाही, कोणताही महिना चालेल.

उत्तर : बाग बघायची आहे की माणसांशी बोलायचं आहे, ते आधी ठरवा. दोन्ही एका महिन्यात क्वचितच जमतं.

उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांत हिवाळ्यात नुसती खोडं असतात आणि छाटणी चालू असते. एप्रिलच्या आसपास बाग फुटते, जूनमध्ये फुलोरा येतो. फुलोऱ्यापासून तोडणीपर्यंत ढोबळ मानाने शंभर दिवस. जुलैअखेर-ऑगस्टमध्ये मण्यांत पाणी उतरतं, काळ्या जाती रंग धरतात. सप्टेंबर-ऑक्टोबर तोडणीचे. दक्षिण गोलार्धात हे चक्र उलटं. दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉशला किंवा अर्जेंटिनातल्या मेंडोझाला तोडणी फेब्रुवारी ते एप्रिल या काळात असते.

तोडणीच्या दिवसांत हवेत आंबवणीचा वास असतो, ट्रॉल्या भरून घड येताना दिसतात, आणि ज्याच्याशी बोलायला तुम्ही इतक्या लांब आलात तो माणूस पंपापाशी नळी धरून उभा असतो. मोठ्या वायनऱ्यांत फेरी दाखवायला वेगळी माणसं असतात, तिथे अडचण नाही. घरच्या घरी चालवलेल्या छोट्या वायनऱ्या या काळात सरळ ‘नाही’ कळवतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

माझी पसंती मेअखेर ते जूनचा पहिला पंधरवडा. बाग हिरवीगार, दिवस मोठे, मालक निवांत. दुसरी पसंती ऑक्टोबरअखेर, पानं पिवळी-तांबडी झालेली असतात आणि टाक्यांतला गोंधळ निवत आलेला असतो. ऑगस्टमध्ये फ्रान्समधले बरेच छोटे उत्पादक स्वतःच सुट्टीवर जातात. रविवार आणि दुपारी बारा ते दोन ही वेळ तर वर्षभरच बेभरवशाची. या दोन तासांत बंद दारासमोर उभ्या राहिलेल्या पर्यटकांची कीव करायचं मी सोडून दिलं आहे.

प्रश्न : नवऱ्याला वाइनचा नाद आहे, मी अजिबात पीत नाही. मी सोबत जाऊन करायचं काय?

उत्तर : सगळ्यात आधी, ‘तू पीत नाहीस तर गाडी तूच चालव’ या प्रस्तावाला नाही म्हणा. सुट्टी तुमचीही आहे.

मग प्रदेश तुम्ही निवडा. बघायला भरपूर आणि गाडीवाचून फिरता येईल असा. जर्मनीतली मोझेल नदी घ्या. काळ्या पाटीच्या दगडांचे उतार इतके उभे की ब्रेम गावाजवळच्या काल्मोंट बागेत काम करणाऱ्यांच्या पोटऱ्यांना नमस्कार करावासा वाटतो. खाली नदीकाठाने सपाट सायकलवाट आहे. नवरा चाखेपर्यंत तुमचं पुढचं गाव बघून होईल. पोर्तुगालमध्ये डोरोच्या काठाने जाणारी रेल्वे हीच मुळात सहल आहे. पण पोर्तो शहरासमोरच्या गाया गावात दिसतात ती पोर्ट नावाची वाइन मुरवायची गोदामं. पायऱ्यापायऱ्यांच्या बागा नदीवर बऱ्याच आत आहेत. नवऱ्याने गायातच मुक्काम ठोकला तर तुम्हाला बागेचं पानही दिसायचं नाही. फ्रान्समधल्या शँपेनला गेलात तर राँस शहरातल्या खडूच्या तळघरांत उतरा, त्यासाठी प्यावं लागत नाही. तिथे उन्हाळ्यातही दहा-बारा अंश असतात, शाल न्या.

प्रश्न : थुंकायची लाज वाटते. आणि एवढं चाखून काहीच विकत घेतलं नाही तर वाईट दिसतं का?

उत्तर : पिकदाणी टेबलावर शोभेला ठेवलेली नसते. थुंकणाऱ्याकडे आम्ही आदराने बघायचो, याला पुढच्या वाइनचीही चव हवी आहे हे त्यातून कळतं. घरी बेसिनपाशी पाण्याने सराव करा, ओठ आवळून एक धार. जमेना तर छोट्या कपात थुंकून तो कप पिकदाणीत रिकामा करा. ग्लासात उरलेलं ओतून टाकणंही चालतं, ‘वाया गेलं’ म्हणून हळहळू नका. अत्तर मात्र लावून जाऊ नका. तुमच्यासकट खोलीतल्या सगळ्यांच्या नाकाची वाट लागते.

विकत घेण्याचं म्हणाल तर, टेस्टिंगचे पैसे भरले असतील तर काहीच देणं लागत नाही. घरगुती ठिकाणी मालकाने तासभर दिला आणि पैसे घेतले नाहीत, तर एक बाटली घ्यावी. आवडली नसेल तर सगळ्यात स्वस्त घ्या. ‘मस्त, मस्त’ म्हणत हात हलवत निघून जाणं वाईट दिसतं.

प्रश्न : बाटल्या विमानातून कशा आणायच्या?

उत्तर : सामानात द्यायच्या बॅगेतून. हातातल्या बॅगेत बहुतेक विमानतळांवर १०० मिलिलिटरच्या वर द्रव चालत नाही. २४ टक्क्यांपर्यंतच्या अल्कोहोलला विमानसुरक्षेच्या नियमांत प्रमाणाची मर्यादा नाही, पोर्टही त्यात बसते. मात्र बॅगेचं वजन आणि उतरणार त्या देशाची करमुक्त मर्यादा आधी बघा. भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास जाते, जाड काचेची त्याहून जास्त. फिरताना त्या गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका, वाइन शिजते आणि बूच वर येतं. खरेदी शेवटच्या दिवशी करा. प्रत्येक बाटली आधी प्लास्टिकच्या पिशवीत, मग जाड मोज्यात, मग बॅगेच्या मधोमध. पांढरे कपडे दुसऱ्या बॅगेत.