वाचक विचारतात : पाण्याखालची सुरी

प्रश्न : स्कूबाचं प्राथमिक प्रशिक्षण संपलं. आता पोटरीला बांधायची मोठी टोकदार सुरी घेऊ, की छोटा लाइन कटर पुरेल? टायटॅनियमवर खर्च करावा का?

उत्तर : पाण्याखाली पातं लागतं ते मुख्यतः तंगूस, जाळी किंवा दोर यांत अडकल्यावर सुटण्यासाठी. या कामाला लांब पातं नको, टोकही नको. टोकदार सुरीनं घाईत सूट फाटतो, श्वासाच्या हवेची नळी (होज) कापली जाते. बोथट टोकाची, सात-आठ सेंटिमीटर पात्याची सुरी बहुतेकांना भरपूर होते.

लाइन कटरचं पातं खाचेत लपलेलं असतं, त्यामुळे तंगूस आणि जाळीसाठी तो सर्वांत सुरक्षित. मात्र जाड दोर त्या खाचेत शिरतच नाही. तिथे प्रथमोपचाराच्या पेटीतली, बोथट टोकाची मजबूत कात्री कामी येते. बारीक धातूची तारही तिनं तुटते; सुरीनं तुटत नाही. म्हणून एकच महागडी सुरी घेण्यापेक्षा छातीच्या पट्ट्यावर लाइन कटर आणि खिशात कात्री, अशी जोडी आम्ही सुचवू.

पोटरीची जागा आम्हाला पटत नाही. जाळी बहुधा फिनला (पायातल्या वल्ह्याला) किंवा टाकीच्या व्हॉल्व्हला गुंतते, आणि पायच अडकला तर पोटरीपर्यंत हात पोचेलच असं नाही. शिवाय बाहेरच्या बाजूला बांधलेली मूठ स्वतःच दोर पकडते. तिथेच बांधायची तर आतल्या बाजूला बांधा. जागा पक्की करण्याआधी पूर्ण साज चढवून, हातमोजे घालून, डोळे मिटून आधी उजव्या आणि मग डाव्या हातानं हत्यार काढून पाहा. एका जरी हातानं जमलं नाही, तरी जागा बदला.

टायटॅनियम समुद्राच्या पाण्यात गंजत नाही, पण चांगल्या सुरीच्या पोलादापेक्षा मऊ असल्यानं त्याची धार लवकर जाते. ४४०सी या प्रकारच्या स्टेनलेस पोलादात सुमारे १ टक्का कार्बन असतो. त्यामुळे त्याची धार टिकते, मात्र निगा राखावी लागते. ३१६ या दुसऱ्या प्रकारच्या स्टेनलेसमध्ये मॉलिब्डेनम हा धातू असल्यानं ते खाऱ्या पाण्याला चांगलं तोंड देतं, पण कार्बन कमी असल्यानं पाणी देऊन (तापवून झटकन थंड करून) कडक होत नाही. दर डाइव्हनंतर निगा राखणार असाल तर ४४०सी घ्या, नाहीतर दातेरी धारेचं टायटॅनियम.

प्रश्न : सुरी स्टेनलेस आहे, दरवेळी नळाखाली धुतो, तरी मुठीजवळ तांबूस डाग पडतात. पोलाद खोटं आहे का?

उत्तर : पोलाद बहुधा खरंच आहे. स्टेनलेसचं रक्षण करतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर, आणि ओरखडा पडल्यावर तो पुन्हा धरायला प्राणवायू लागतो. मुठीखालच्या फटीत, स्क्रूभोवती किंवा ओल्या म्यानात खारं पाणी साचून राहतं, तिथला प्राणवायू संपतो आणि क्लोराइड त्या थराला भोकं पाडतं. नळाची धार या फटींपर्यंत पोचत नाही.

म्हणून मूठ सुटी होत असेल तर स्क्रू काढा. सगळे भाग आणि म्यान कोमट गोड्या पाण्यात १५-२० मिनिटं बुडवून ठेवा. मऊ ब्रशनं फटी घासा, पुसा, सावलीत पूर्ण वाळवा. मग पात्याला सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. घरी सुरी म्यानाबाहेरच ठेवा. बहुतेक गंज म्यानातच जन्मतो. आताचे डाग खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्यानं घासा. लोखंडी घासणी नको : तिचे कण पात्यात रुततात आणि तेच गंजू लागतात.

प्रश्न : धार कधी आणि कशी लावायची?

उत्तर : तंगूस सैल धरून कापून पाहा. ताणलेला दोरा बोथट पात्यानंही तुटतो, त्यामुळे ती परीक्षा फसवी. सैल तंगूस घसरू लागला की धार गेली. साधी धार ४०० आणि मग १००० ग्रिटच्या (आकडा मोठा तितका दगड बारीक) ओल्या दगडावर, दोन्ही बाजूंना साधारण २०-२५ अंशांत लावा. दातेरी भागाला गोल, निमुळती कानस लागते, तीही फक्त तासलेल्या बाजूनं. लाइन कटरच्या पात्यांना धार लावत बसू नका. डाग दिसला की पातं बदला.

प्रश्न : विमानात सुरी नेता येते का?

उत्तर : हातातल्या सामानात नाही, चेक-इन बॅगेत, तीही पूर्ण वाळवून, म्यानात घालून. मुक्कामी पोचताच म्यानाबाहेर काढा.