वॉटर्लूपासून सुरुवात करू नकोस

प्रिय बाळ,
सप्रेम आशीर्वाद.

नेपोलियनवरच्या तुझ्या निबंधाचा आराखडा वाचला. मेहनत दिसते आहे. पण कोर्सिकातला मुलगा, तोफखान्यातला अधिकारी, सम्राट, रशियातला बर्फ, वॉटर्लू, सेंट हेलेना अशी जी प्रकरणं तू पाडली आहेस, त्यात तो नुसता जिना चढतो आणि उतरतो. का उतरला, याचा सगळा भार तू रशियाच्या थंडीवर टाकला आहेस. तिथेच मला तुला अडवायचं आहे.

24 जून 1812 रोजी त्याचं सैन्य रशियाच्या सीमेवरची नेमान नदी ओलांडू लागलं तेव्हा भर उन्हाळा होता. चार लाखांहून अधिक माणसं होती. मॉस्को दृष्टीस पडण्याच्या कितीतरी आधी ऊन, उपासमार, अतिसार आणि टायफसच्या तापाने हे सैन्य पोखरून काढलं. दाणा मिळेना म्हणून शेतातलं हिरवं पीक खाऊन घोडे हजारोंनी मेले. 14 सप्टेंबरला तो मॉस्कोत शिरला. शहर जळालं, तरी झार अलेक्झांडर तहाला तयार होईल या आशेवर तो 19 ऑक्टोबरपर्यंत तिथेच बसून राहिला. झार तयार होणार नाही, हे त्याला वर्षभर आधी तोंडावर सांगितलेलं होतं.

सांगणारा होता आर्मां द कोलँकूर. तुझ्या आराखड्यात त्याचं नावही नाही, आणि मला विचारशील तर तोच या निबंधाचा कणा व्हायला हवा. तो 1807 ते 1811 रशियात फ्रान्सचा राजदूत होता. जून 1811 मध्ये परत आल्यावर त्याने सम्राटापुढे कित्येक तास आपलं म्हणणं मांडलं. एक वेळ कामचाटकापर्यंत मागे हटेन, पण माझ्या राजधानीत तहावर सही करणार नाही, असं झारने त्याला बजावलं होतं. ते त्याने जसंच्या तसं सांगितलं. नेपोलियनने काय केलं? तू रशियन झालास, असा टोमणा मारला.

याच कोलँकूरकडे सम्राटाच्या घोड्यांचं खातं होतं. आपल्या ताब्यातल्या घोड्यांना त्याने बर्फात रुतणाऱ्या टोकदार नाला वेळेवर ठोकून घेतल्या. बाकीच्या सैन्याचे घोडे साध्या नालांवर निघाले. गोठलेल्या चढावर तोफा ओढताना ते घसरायचे, पडले की उठायचे नाहीत, आणि तोफ तिथेच सोडून पुढे जावं लागायचं. हा प्रसंग सविस्तर लिही. थंडी तर दोघांनाही तीच होती!

5 डिसेंबरला स्मोर्गोन इथे सैन्य मागे ठेवून नेपोलियन गाडीतून पॅरिसकडे निघाला, तेव्हा शेजारी कोलँकूरच बसला होता.

आता इथून मागे जा. हा माणूस पूर्वी ऐकायचा का? हो, आणि ते मोकळेपणाने लिही. 1804 च्या नागरी संहितेचा मसुदा राज्य परिषदेत चर्चेला आला तेव्हा कितीतरी बैठकांना तो स्वतः अध्यक्ष होता, त्रोंशे आणि पोर्तालीससारख्या मुरलेल्या कायदेपंडितांशी वाद घालत होता. पण म्हणून आधीचा चांगला आणि नंतरचा वाईट असे दोन नेपोलियन करू नकोस. सत्ता हाती येऊन जेमतेम दोन महिने झाले होते, तेव्हा जानेवारी 1800 मध्ये त्याने पॅरिसच्या 73 वर्तमानपत्रांपैकी 60 बंद केली. 1802 मध्ये वसाहतींत गुलामगिरी परत आणली. 1807 मध्ये कायद्यांवर उघड चर्चा करणारं ट्रिब्युनेट हे सभागृहच मोडीत काढलं. त्याच वर्षी तालेराँ परराष्ट्रमंत्रिपदावरून दूर झाला. तू 1807 हे वैभवाचं शिखर म्हटलं आहेस. नकाशा पाहिला तर ते खरंही आहे. मला मात्र त्याच वर्षी पडझड उघड दिसते, कारण नको म्हणणारी माणसं आणि जागा दोन्ही संपत आल्या होत्या. पुढच्याच वर्षी तो स्पेनमध्ये अडकला.

नोव्हेंबर 1813 मध्ये, लाइपझिगच्या पराभवानंतरही, ऱ्हाईन, आल्प्स आणि पिरेनीज या सीमा ठेवून तह करण्याचा प्रस्ताव शत्रुराष्ट्रांकडून त्याच्यापुढे आला होता. त्याने वेळकाढूपणा केला आणि संधी गेली. मग परराष्ट्रमंत्री म्हणून कोणाला नेमलं? कोलँकूरला. एप्रिल 1814 मध्ये सम्राटाच्या पदत्यागाच्या वाटाघाटीही त्यालाच कराव्या लागल्या. हे वाचताना मला दर वेळी त्याच्याबद्दल फार वाईट वाटतं.

वॉटर्लूवर एकच परिच्छेद पुरे. 18 जून 1815 ला, लढाईच्या सकाळी, समोरच्या ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनशी पूर्वी स्पेनमध्ये लढलेल्या सेनापती सूल्तने सावध केलं, तर तू त्याच्याकडून हरलास म्हणून तुला तो मोठा वाटतो, असं नेपोलियनने त्याला झिडकारल्याचं सांगतात. हाच वेलिंग्टन 1803 मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला होता. तिथे त्याची किती माणसं पडली ते शोध. त्याला कमी लेखणं किती महागात पडणार होतं, ते तुला असईतूनही दाखवता येईल.

आधी 1807 चं प्रकरण लिही आणि तेवढंच मला पाठव. त्याच्या पुढचं प्रकरण स्पेनचं ठेव, रशियाचं नको.

तुझे,
सर