पानावरची काजळी, बुंध्यातला डिंक आणि लेआउटमधलं गाजरगवत

मानेवाड्याच्या एका ताईंनी फोटो पाठवला आहे. अंगणातल्या संत्र्याची पानं, फळं, झाडाखालची फरशीसुद्धा काजळी धरल्यासारखी काळी झाली आहे. बुरशीनाशक तीनदा मारलं, फरक नाही. झाड तोडून टाकू का, असं त्या विचारतात.

ताई, झाड तोडू नका आणि बुरशीनाशकही आता पुरे. आपल्याकडचे संत्रा बागायतदार याला कोळशी म्हणतात. काळा थर बुरशीचाच आहे, पण ही बुरशी पानात शिरत नाही. पानावर पडलेल्या चिकट गोड द्रवावर वाढते. तो द्रव सोडणारी कीड वेगळी. काळ्या पानाच्या वरचं एखादं पान उलटून बघा. खालच्या बाजूला बारीक, काळे, चकचकीत ठिपके चिकटलेले दिसले तर ती काळ्या माशीची पिल्लं. एका जागी बसून रस शोषतात आणि जास्तीची साखर खालच्या पानावर टाकतात. फोटोत मात्र सगळ्यांची पानं सुलटीच असतात, हे माझं जुनं दुखणं!

आधी पानसोट, म्हणजे फळ न धरता सरळ वर वाढणारे जोमदार फुटवे, आणि आतली दाटी छाटा. दाट, दमट झाडातच ही कीड फोफावते. मग लिटरभर पाण्यात 10 मिली निंबोळी तेल आणि थोडी साबणाची पूड चांगली घोटून, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला लागेल अशी फवारा. नोझल वर तोंड करून धरा. वरून मारलेलं औषध काळ्या माशीपर्यंत पोचतच नाही. 15 दिवसांनी पुन्हा एकदा. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर तीही तोडा, कारण गोड द्रवासाठी मुंग्या अशा किडींची राखण करतात आणि त्यांना खाणाऱ्या मित्रकिडींना हाकलतात. कीड आटोक्यात आली की कपड्यांना घालतो तशी पातळ खळ पानांवर फवारा. वाळली की काजळीचे पापुद्रे घेऊन गळते.

दिघोरीच्या काकांच्या मोसंबीच्या बुंध्यातून डिंक ओघळतो आहे, पानं पिवळी पडली आहेत. पाणी कुठून देता, असं उलट विचारलं तेव्हा कळलं की उन्हाळाभर कूलरची नळी बुंध्याशीच सोडलेली होती. नागपुरात अर्ध्या घरांत हेच चालतं. पाणी वाया जाऊ नये हा हेतू चांगला, पण हा डिंक्या रोग आहे, त्याची बुरशी मातीत असते आणि बुंध्याशी साचलेल्या पाण्यातून सालीत शिरते. आपली काळी माती तर पाणी लवकर सोडत नाही.

काका, सडलेली साल धारदार चाकूने खरवडा, खरवडलेलं जाळून टाका. 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि 100 ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यांत भिजवा आणि दोन्ही मिळून लिटरभर पाण्याचं बोर्डो मलम करा. लोखंडी भांडं नको. त्याच दिवशी बुंध्याला दोन-तीन फुटांपर्यंत लावा. पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, असं दरवर्षी. पाण्यासाठी दुहेरी आळं करा: बुंध्याभोवती मातीचा उंचवटा, पाणी बाहेरच्या गोलात. कलमाचा जोड मातीत गाडला गेला असेल तर आधी तो उघडा करा.

लिंबाच्या रोपावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी म्हणजे फुलपाखराची. रोप लहान असेल तर चार-पाच अळ्यासुद्धा त्याचा खराटा करतात, म्हणून हाताने वेचा. मोठ्या कढीपत्त्यावर असतील तर राहू द्या, पोरांना दाखवा.

शेवटचा प्रश्न शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरच्या गाजरगवताचा. पांढरी फुलं येण्याआधी, पाऊस पडून माती मऊ झाली की मुळासकट उपटा. हातमोजे आणि तोंडाला फडकं हवंच. अंगाला खाज आणि दमा दोन्ही यातून होतात. फुलावर नसलेलं गवत कंपोस्टच्या खड्ड्यात चालतं. उभ्या गाजरगवतावर पिवळसर, काळ्या रेघांचे भुंगे दिसले तर मारू नका. ते मेक्सिकन भुंगे याच कामासाठी 1980च्या दशकात भारतात आणले आहेत, पावसाळ्यात पानं फस्त करतात. मोकळ्या झालेल्या जागेत तरोट्याचं (टाकळ्याचं) बी फेका. तो गाजरगवताला दाबतो, आणि कोवळा असताना भाजीलाही येतो.