घरी पहिल्यांदा बिअर करताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आम्ही चौघे मित्र सिॲटलच्या परिसरात राहतो. पुढच्या महिन्यात एका शनिवारी एकत्र जमून घरी बिअर करायची असे ठरले आहे. यापूर्वी कोणीच केलेली नाही. एकाचे म्हणणे, थेट माल्ट केलेल्या, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या दाण्यांपासून सुरुवात करावी. दुसऱ्याला त्यात कोल्हापुरी गूळ घालून पाहायचा आहे. दुकानदाराने मात्र माल्टच्या तयार अर्काचा संच सुचवला. कोणाचे ऐकावे आणि कामे कशी वाटून घ्यावीत?

उत्तर : दुकानदाराचे ऐकावे. दाण्यांपासून बिअर करताना दळलेला माल्ट सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवावा लागतो, म्हणजे त्यातील विकरे (एन्झाइम्स) पिष्टाचे साखरेत रूपांतर करतात. काही अंशांचा फरक पडला तरी बिअरचा पोत बदलतो. अर्काच्या संचात हे काम आधीच झालेले असते, त्यामुळे उकळणे, थंड करणे आणि आंबवणे या तीन गोष्टींकडे तुम्हाला पूर्ण लक्ष देता येते, आणि पहिल्या खेपेची बिअर बिघडते ती बहुधा या तीन ठिकाणीच. या संचाला कमी प्रतीचे समजण्याचे काही कारण नाही. ताज्या अर्कापासून उत्तम पेल एल (फिकट रंगाच्या माल्टची बिअर) होते.

तुम्हाला लागणारे साहित्य साधे आहे. सुमारे १९ लिटर बिअरसाठी ३ किलो पातळ माल्ट अर्क, चवीला आणि रंगाला अर्धा किलो क्रिस्टल माल्ट (भाजलेला, गोडसर चवीचा माल्ट), ५०–६० ग्रॅम कॅस्केड जातीचे हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारी वेलीची फुले) आणि कोरड्या एल यीस्टचे एक पाकीट पुरते. कॅस्केड हे अमेरिकी पेल एलचे ओळखीचे हॉप्स आहेत, आणि तुमच्यापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावरील याकिमा खोरे हा अमेरिकेतील हॉप्सच्या लागवडीचा सर्वांत मोठा प्रदेश आहे. ऑगस्टच्या अखेरीपासून तेथे तोडणी सुरू होते. जमले तर तेव्हा एक चक्कर जरूर टाका. वेलींवरून नुकत्याच उतरवलेल्या हॉप्सचा वास घेतला म्हणजे पाकिटातील हॉप्स ताजे आहेत की जुने, हे पुढे आपोआप कळू लागते. तुमच्यापैकी कोणाकडे कुत्रा असेल तर त्या दिवशी त्याला दुसऱ्या खोलीत ठेवावे आणि वापरलेले हॉप्स लगेच बंद पिशवीत टाकावेत, कारण हॉप्स पोटात गेल्यास कुत्र्याच्या शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकते.

गुळाची कल्पना मला मनापासून आवडली, तरीही तो दुसऱ्या खेपेसाठी राखून ठेवा असेच मी सांगेन. गुळातील साखर जवळजवळ पूर्ण आंबते. त्यामुळे अल्कोहोल वाढते, पण बिअरचे अंग हलके आणि पातळ होते. पहिल्याच खेपेत गूळ घातला आणि चव बिनसली, तर दोष गुळाचा, तापमानाचा की स्वच्छतेचा, हे तुम्हाला ठरवता येणार नाही.

आता प्रत्यक्ष कृती. मोठ्या पातेल्यात ११–१२ लिटर पाणी घेऊन ते ७० अंशांच्या आत ठेवावे आणि कापडी पिशवीत बांधलेला क्रिस्टल माल्ट त्यात अर्धा तास भिजवून काढून घ्यावा. नंतर आच बंद करून अर्क मिसळावा. पेटत्या आचेवर अर्क ओतला तर तो तळाला बसून करपतो. पुन्हा उकळी आणून निम्मे हॉप्स सुरुवातीला घालावेत व तासभर उकळावे. हॉप्समधील आम्लांचे रूप या दीर्घ उकळीत बदलते आणि कडवटपणा येतो; उरलेले निम्मे हॉप्स शेवटच्या पाच मिनिटांत घातले तर त्यांचा सुगंध टिकतो. पहिली उकळी येताना फेस अचानक उसळतो आणि हॉप्स घातल्यावर आणखी वर येतो, म्हणून त्या दहा मिनिटांत पातेल्याजवळून कोणीही हलू नये.

या उकळलेल्या गोड द्रवाला वर्ट म्हणतात. आच बंद झाल्यानंतर त्याच्या संपर्कात येणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक हवी : बादली, झाकण, डाव, थर्मामीटर, यीस्टचे पाकीट कापायची कात्री आणि तुमचे हातसुद्धा. बिअर बिघडण्यामागे नको असलेले सूक्ष्मजीव असतात, हे लुई पाश्चर यांनी १८७६ मध्ये बिअरवरील आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले आणि १८८३ मध्ये एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी डेन्मार्कमधील कार्ल्सबर्ग या बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत यीस्टच्या एकाच पेशीपासून शुद्ध वाण वाढवले. जर्मनीतील बाव्हेरियाच्या १५१६ च्या प्रसिद्ध फर्मानात पाणी, बार्ली आणि हॉप्स एवढ्याच वस्तूंचा उल्लेख आहे, यीस्टचा नाही. ज्या जिवाची ओळख पटायला एवढा काळ लागला, तो आज तुमच्या हातात शुद्ध स्वरूपात येतो. त्याला स्वच्छ जागा मिळवून देणे हे त्या शनिवारचे सर्वांत मोठे काम आहे. भांडे आधी साबणाने घासून धुवावे आणि मगच न धुता वापरता येणारे आम्लयुक्त निर्जंतुक द्रावण लावावे, कारण मळावर द्रावणाचा उपयोग होत नाही.

म्हणून चौघांत कामे वाटताना एकाकडे फक्त स्वच्छता सोपवा. त्याने दुसरे काहीही करू नये आणि त्याने हो म्हटल्याशिवाय कोणतीही वस्तू वर्टमध्ये जाऊ नये. दुसऱ्याने आच आणि वेळ सांभाळावी, तिसऱ्याने थंड करण्याची तयारी ठेवावी, चौथ्याने प्रत्येक तापमान व वेळ वहीत लिहावी. यीस्ट घालून बादलीचे झाकण लागेपर्यंत कोणीही बिअर उघडू नये, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. उकळते वर्ट अंगावर सांडले तर चिकटते आणि गंभीर भाजते.

थंड करण्यासाठी पातेले सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेवावे, मग वर्ट बादलीत ओतून त्यात आदल्या दिवशी उकळून फ्रीजमध्ये गार केलेले पाणी घालून एकूण १९ लिटर करावे. वर्ट २० अंशांच्या आसपास आल्यावरच यीस्ट घालावे. कढत दुधात विरजण लावले तर दही लागत नाही, तसेच येथेही होते. यीस्ट घालण्यापूर्वी द्रव नीट ढवळून हायड्रोमीटरने (द्रवात तरंगणाऱ्या मापकाने) पाण्याच्या तुलनेतील घनता मोजावी; पाण्याची १.००० धरतात. ती सुमारे १.०५० यावी. त्यानंतर बादली १८ ते २० अंश तापमानाच्या अंधाऱ्या जागी ठेवावी. आंबताना स्वतःची उष्णता निर्माण होते आणि आतील द्रव खोलीपेक्षा काही अंश गरम राहतो, हे बरेच जण विसरतात. तापमान २४ अंशांच्या पुढे गेले की फळांसारखा उग्र वास आणि जळजळीत चव येऊ लागते. घर उबदार असेल तर पाण्याने भरलेल्या टबात बादली ठेवून त्यात बर्फाच्या बाटल्या बदलत राहणे पुरेसे असते.

प्रश्न : पहिले तीन दिवस एअरलॉकमधून (वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न येऊ देणाऱ्या, झाकणावरील नळीतून) जोरात बुडबुडे येत होते, पाचव्या दिवशी थांबले. आंबणे संपले असे समजून बाटल्या भराव्यात का?

उत्तर : अजिबात भरू नयेत. बुडबुडे थांबले म्हणजे जोराचा टप्पा संपला, एवढेच. काही वेळा झाकणातून वायू निसटतो आणि आंबणे चालू असूनही बुडबुडे दिसत नाहीत. एकूण दोन आठवडे थांबावे, नंतर घनता मोजावी आणि तीन दिवसांनी पुन्हा मोजावी. दोन्ही वेळा आकडा तोच आला तरच आंबणे पूर्ण झाले. समजा घनता १.०५० वरून १.०१२ वर स्थिरावली. तर दोहोंतील फरकाला १३१ ने गुणले की अल्कोहोलचे प्रमाण सुमारे ५ टक्के मिळते. जास्तीचे दिवस वाया जात नाहीत, कारण मधल्या अवस्थेत तयार झालेले, लोण्यासारखा किंवा हिरव्या सफरचंदासारखा वास देणारे पदार्थ याच काळात यीस्ट परत शोषून घेते.

घाई केली तर उरलेली साखर बंद बाटलीत आंबते, दाब वाढतो आणि काचेची बाटली फुटते. हा घरगुती बिअरमधील खरा धोका आहे आणि तो पूर्णपणे टाळता येतो. बाटलीत बिअरला हवा तेवढाच वायू यावा म्हणून १९ लिटरसाठी मोजून सुमारे ११५ ग्रॅम मक्याची साखर थोड्या पाण्यात उकळून, गार करून सगळ्या बिअरमध्ये एकसारखी मिसळावी. प्रत्येक बाटलीत चमच्याने अंदाजे साखर घालू नये. बाटल्या तपकिरी, जाड आणि ओपनरने उघडायच्या बुचाच्या असाव्यात. प्रकाशाने हॉप्समधील द्रव्ये मोडून दुर्गंधी येते, त्यापासून तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते. एक बाटली प्लॅस्टिकची भरावी : ती दाबून कडक लागली की इतर बाटल्यांतही वायू तयार झाला, असे समजते. खोलीच्या तापमानाला दोन आठवडे ठेवून मग फ्रीजमध्ये ठेवावी.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत मित्रांबरोबर घरी बिअर करणार असल्याचे म्हणतो. आपल्याकडे विषारी दारूने माणसे गेल्याच्या बातम्या वाचलेल्या असल्याने मला फार भीती वाटते. हे सुरक्षित आहे का? कायद्याला धरून आहे का? (सातारा)

उत्तर : ताई, तुमची भीती अगदी स्वाभाविक आहे. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे दगावली, त्या दारूत मिथेनॉल होते. बार्लीपासून बिअर आंबवताना मिथेनॉल नगण्य प्रमाणात तयार होते आणि बिअर ऊर्ध्वपातित केली जात, म्हणजे वाफ करून गाळली जात नसल्याने कोणताही घटक एकवटत नाही. शिवाय बिअरमधील आम्लता, अल्कोहोल आणि हॉप्स यांमुळे माणसाला आजारी पाडणारे बहुतेक जंतू तीत वाढू शकत नाहीत. बिघडलेली बिअर आंबट किंवा दुर्गंधी येणारी होते. घरी दारू गाळणे मात्र वेगळे. ते धोक्याचे आहे आणि परवान्याशिवाय तेथील संघराज्य कायद्याने गुन्हाही आहे. मुलाला याविषयी जरूर स्पष्ट विचारा.

बिअरसाठी तेथे १९७८ मध्ये कायदा झाला. त्यानुसार एकच प्रौढ व्यक्ती असलेल्या घरात वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घरात २०० गॅलन बिअर करविना करता येते, मात्र ती विकता येत नाही. मुलाचे वय २१ पूर्ण असावे. उकळत्या पातेल्याजवळ आणि भरलेल्या बाटल्यांजवळ सावध राहा, आणि बिअर चाखायला जमाल त्या दिवशी कोणी गाडी चालवू नका, एवढे त्याला आपुलकीने सांगावे.

प्रश्न : डिसेंबरमध्ये पुण्याला येताना भावासाठी असाच संच आणला आणि त्याने घरी बिअर केली तर चालेल का?

उत्तर : नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे गुन्हा आहे. स्वतःपुरते केले, विकले नाही, एवढ्याने त्यातून सुटका होत नाही. या छंदाची आवड असणाऱ्या माणसाला हे उत्तर देताना मला वाईट वाटते, पण भावाला अडचणीत टाकण्याइतकी ही हौस मोठी नाही. पुण्यात परवाना घेऊन आपल्याच जागेत बिअर करणाऱ्या मायक्रोब्रुअरी आहेत. दुपारच्या निवांत वेळी गेल्यास आणि आदराने विचारल्यास तेथील ब्रुअर टाक्या दाखवतात, तापमान कसे राखतात ते सांगतात. तुम्ही दोघे मिळून तेथे जा, आणि तुमच्या पहिल्या खेपेची वही सोबत न्या. तीत लिहिलेले आकडे पाहून ब्रुअर तुम्हाला नेमके काय सुधारायचे ते सांगू शकेल.