भरती-ओहोटीची नोंद खडकात कशी राहते? आणि त्यावरून पूर्वीचा दिवस किती तासांचा होता, हे कसं काढतात?

पाणी येतं आणि निघून जातं, मग कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या भरतीचा माग खडकात उरतो कसा, असं तुम्ही विचारलंय. आणि ‘तेव्हा दिवस बावीस तासांचा होता’ हे कुणी मोजलं, असंही. दुसरा भाग मला जास्त आवडीचा, त्यामुळे पहिला आटोपता घेतो.

पाणी राहत नाही, गाळ राहतो. प्रवाहाला जोर असतो तेव्हा तो वाळू वाहून आणतो. भरती संपून ओहोटी लागण्याआधी पाणी थोडा वेळ थबकतं, तेव्हा त्यात तरंगणारी बारीक चिकणमाती खाली बसते. झाला एक पापुद्रा: खाली वाळू, वर मातीचा गडद पदर. पुढची भरती त्यावर दुसरा चढवते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती असते, तेव्हा पापुद्रे जाड. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा पातळ. हे जाड-पातळ चक्र आज सरासरी १४.७७ दिवसांत पुरं होतं. चंद्र विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला असला की दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात, म्हणून लागोपाठचे पापुद्रेही एक जाड, एक पातळ असे येतात. नदीला वर्षातून एकदा पूर येऊन साचलेल्या थरांत हे आढळत नाही. त्यामुळे भरतीचा गाळ ओळखायला ही खूण फार उपयोगी पडते.

बहुतेक किनाऱ्यांवर यातलं काहीच टिकत नाही. लाटा थर मोडतात, बिळं करणारे जीव उरलंसुरलं ढवळून टाकतात. गाळ भरपूर आणि लाटांपासून आडोसा, अशी खाडी किंवा नदीमुख असावं लागतं. अशा थरांच्या खडकाला टायडल रिदमाइट म्हणतात. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीचा असाच एक खडक आहे. एकोणिसाव्या शतकात लोकांनी त्याचे धार लावायचे दगड केले आणि थडग्यांवरही तोच बसवला. त्या थडग्यांच्या कडांवर आजही पंधरवडे मोजता येतात.

आता दिवसाच्या लांबीचा हिशोब. खडकात तास मोजता येत नाहीत. मोजता येतं ते एवढंच, की एका चक्रात दुसरं चक्र किती वेळा बसतं. सगळं गणित या गुणोत्तरावर चालतं.

यातलं सर्वात गाजलेलं उदाहरण दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या इलॅटिना खडकाचं, वय सुमारे ६२ कोटी वर्षं. त्या काळी बिळं करणारे प्राणी जवळपास नव्हतेच, त्यामुळे थर विलक्षण स्वच्छ राहिले. भूवैज्ञानिक जॉर्ज विल्यम्स यांनी १९८१ मध्ये आधी वेगळाच अर्थ लावला होता: पापुद्रा वर्षाला एक, आणि जाड-पातळ होत जाणाऱ्या सरासरी बाराएक पापुद्र्यांचा गठ्ठा म्हणजे सूर्यावरच्या डागांचं चक्र. त्या हिशोबाने ती नोंद जवळपास १९ हजार वर्षांची होत होती. पुढे अॅडलेडजवळच्या रेनेला इथल्या, त्याच काळातल्या पण जास्त जाड थरांत एका गठ्ठ्यात १४-१५ पापुद्रे दिसले, आणि त्यांच्या आत दिवसातल्या दोन भरत्यांचे पोटथरही. म्हणजे पापुद्रा एका दिवसाचा आणि गठ्ठा पंधरवड्याचा. १९ हजार वर्षांची नोंद ६० वर्षांवर आली! मला विचाराल तर ही घसरणच त्या अभ्यासातली मोठी कमाई, कारण आता हातात सलग ६० वर्षांची, रोजच्या रोज झालेली नोंद होती.

त्या ६० वर्षांत गठ्ठ्यांच्या जाडीत वार्षिक चढउतार दिसतो. एका वर्षात सुमारे २६ पंधरवडे भरतात, म्हणजे १३.१ चांद्रमास. आज वर्षात १२.३७ चांद्रमास असतात. रेनेलाच्या थरांवरून तेव्हाच्या चांद्रमासात सुमारे ३०.५ दिवस येतात (आज २९.५३). गुणाकार केला की वर्षाचे ४०० दिवस झाले. पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला लागणारा वेळ जवळपास बदललेला नाही, तो सुमारे ८,७६६ तास. भागिले ४००, म्हणजे दिवस २१.९ तासांचा. यात ०.४ तासाची चूकभूल धरलेली आहे.

एक अडचण मात्र कायम असते. भांगाच्या दिवसांत प्रवाह इतका मंद असतो की कधी वाळू पोहोचतच नाही आणि तो दिवस नोंदीतून गळतो. इलॅटिनात एका गठ्ठ्यात आठच पापुद्रे सापडतात ते त्यामुळे. म्हणून दिवसांची मोजणी नेहमी ‘किमान इतके’ अशी वाचावी. पंधरवडे मोजणं जास्त भरवशाचं, कारण चार पापुद्रे गळाले तरी गठ्ठा शाबूत राहतो. दक्षिण आफ्रिकेतल्या मूडीज गटाच्या ३२० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतही पंधरवड्यांची चक्रं ओळखली गेली आहेत, पण तिथली सलग मालिका छोटी आहे. त्यावरून काढलेल्या आकड्यांवर मी फार भार टाकणार नाही.

दिवस लांबतो तो भरतीच्या घर्षणामुळे. पृथ्वीची गिरकी मंदावते आणि चंद्र दूर सरकतो. १९६९ पासून चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर मारून हा वेग मोजला आहे, वर्षाला सुमारे ३.८ सेंटीमीटर. आजचं घर्षण तसंच धरून मागे गेलं, तर सुमारे दीडशे कोटी वर्षांपूर्वी चंद्र पृथ्वीला जवळजवळ भिडतो. पण अपोलो मोहिमांनी आणलेले चंद्रावरचे काही खडक ४०० कोटी वर्षांहून जुने आहेत, तेव्हा हे शक्य नाही. इलॅटिनाच्या आकड्यांवरून गेल्या ६२ कोटी वर्षांतला सरासरी वेग वर्षाला सुमारे २.२ सेंटीमीटर येतो, म्हणजे चंद्र तेव्हा अंदाजे १३ हजार किलोमीटर जवळ होता. फरकाचं कारण समुद्रांच्या आकारात आहे. आजच्या महासागरांचा, विशेषतः उत्तर अटलांटिकचा, पाणी हेलकावण्याचा नैसर्गिक काळ बारा तासांच्या भरतीशी बराच जुळतो. त्यामुळे भरती फुगते आणि घर्षण वाढतं. खंडांची मांडणी वेगळी होती तेव्हा तो मेळ इतका बसत नव्हता.