रात्री दहाला बंद केलेलं नेट अकराला सुरू कसं?

प्रश्न : मुलगा सातवीत आहे. त्याच्या टॅबला रात्री १० ते सकाळी ६ नेट मिळू नये, असं घरच्या राउटरमध्ये सेट केलं होतं. चार-पाच दिवस नीट चाललं. आता अकरा वाजताही व्हिडिओ सुरू असतात. राउटर बिघडला का? आणि नको त्या साइट्स कशा अडवायच्या?
– एक पालक, सांगली

उत्तर : राउटर बहुधा ठणठणीत आहे. तो टॅबला ओळखतो ते त्याच्या वायफायच्या ओळखक्रमांकावरून, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेसवरून. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन-टॅब वायफायला खरा मॅक अ‍ॅड्रेस न देता एक तात्पुरता, बनवलेला अ‍ॅड्रेस देतात. वायफायच्या सेटिंगमध्ये, त्या नेटवर्कच्या प्रायव्हसी पर्यायात जाऊन तो बदलता येतो. अ‍ॅड्रेस बदलला की राउटरच्या लेखी ते नवं उपकरण, आणि तुमचा नियम जुन्या अ‍ॅड्रेसलाच चिकटून राहतो. मुलांना ही युक्ती एकमेकांकडून लवकर कळते.

म्हणून नियम टॅबवर नको, नेटवर्कवर हवा. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क (त्याच राउटरचं वेगळ्या नावाचं, वेगळ्या पासवर्डचं दुसरं वायफाय) सुरू करा, त्यालाच वेळापत्रक लावा आणि टॅब फक्त त्यावर जोडा. मुख्य वायफायचा पासवर्ड त्याच दिवशी बदला. जुना पासवर्ड टॅबमध्ये सेव्ह असतो. राउटरचा अ‍ॅडमिन पासवर्डही (राउटरची सेटिंग उघडण्याचा) बदला, कारण मूळ पासवर्ड बऱ्याचदा मागच्या स्टिकरवरच छापलेला असतो. काही स्वस्त राउटरांत गेस्टला वेगळं वेळापत्रक लावता येत नाही. तिथे उलटा मार्ग घ्या : घरातल्या मोठ्यांची उपकरणं तेवढी परवानगीच्या यादीत टाका, बाकी सगळं रात्री बंद. मात्र मोठ्यांच्या फोनवर या वायफायपुरता खरा मॅक अ‍ॅड्रेस निवडून ठेवावा लागेल.

राउटरचं घड्याळही तपासा. टाइम झोन जीएमटीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली ग्रीनिच वेळ) राहिला असेल, तर रात्री १० चा नियम आपल्याकडे पहाटे साडेतीनला लागतो आणि सकाळी साडेअकराला उठतो.

नको त्या साइट्ससाठी राउटरच्या डीएचसीपी भागात (घरातल्या उपकरणांना नेटची सेटिंग वाटणारा भाग) डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा, बदला : पहिला १.१.१.३, दुसरा १.०.०.३. ही क्लाउडफ्लेअरची मोफत सेवा व्हायरसच्या आणि अश्लील साइट्स उघडू देत नाही. दुसऱ्या रकान्यात गूगलचा ८.८.८.८ ठेवण्याची चूक अनेकजण करतात. उपकरण दोघांपैकी कुणालाही विचारू शकतं, त्यामुळे चाळणीला भोक पडतं. कनेक्शनवर आयपीव्ही६ (नेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत) सुरू असेल तर तिथलाही डीएनएस बदलावा लागतो, आणि टॅबच्या ब्राउझरमधला ‘सिक्युअर डीएनएस’ बंद करावा लागतो, कारण तो राउटरच्या डीएनएसला वळसा घालू शकतो. यूट्यूबवरचा एखादाच व्हिडिओ मात्र डीएनएसने अडत नाही. तिथे साइट पूर्ण बंद किंवा पूर्ण चालू, एवढंच.

सिमचं नेट आणि शेजारच्यांचा हॉटस्पॉट यांवर राउटरची सत्ता नाही. त्यासाठी टॅब अँड्रॉइडचा असेल तर त्यावर गूगलचं फॅमिली लिंक हे पालकांसाठीचं अॅप लावा. त्यात रोजची मर्यादा आणि झोपेची वेळ टॅबलाच लागू होते, नेट कुठलंही असो. हे सगळं मुलाला सांगून करा. गुपचूप लावलेलं कुलूप सापडलं की तो पुढची वाट शोधण्यातच गुंततो.

एखाद्या दिवशी तुमचा अ‍ॅडमिन पासवर्ड चालेनासा झाला आणि स्टिकरवरचा चालला, तर कुणीतरी रिसेटच्या छिद्रात पिन दाबली आहे असं समजा. त्याने वेळापत्रक आणि डीएनएस पुसले जातात. काही कनेक्शनांत नेट देणाऱ्या कंपनीचा लॉगिनही जातो आणि नेट सगळ्यांचंच बंद पडतं. तो लॉगिन आधीच लिहून ठेवा.