स्कोअर ५८८, चार नकार: पाचवा अर्ज टाकण्याआधी

तुमचा सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून पडणारा आकडा) ५८८, सहा आठवड्यांत चार बँकांकडे क्रेडिट कार्डासाठी अर्ज, चारही ठिकाणी नकार, आणि आता फोनवरचा कुणी एजंट पाच हजारांत स्कोअर 'साफ' करून देतो म्हणतोय. पाचवा अर्ज टाकू का, असं विचारलंय तुम्ही. टाकू नका. आणि त्या एजंटचा नंबर आजच ब्लॉक करा. खरी नोंद पैसे घेऊन कुणाला पुसता येत नाही, आणि चुकीची दुरुस्त करून घ्यायला रुपयाही लागत नाही.

मी स्वतः या चिखलातून गेलोय. २०१८ मध्ये नोकरी सुटली आणि कार्डावर ६१ हजार थकले. वसुलीवाल्यांचे फोन मला, भावाला, एकदा तर सासुरवाडीलाही. शेवटी '३५ हजार भरा, प्रकरण मिटवू' असा निरोप आला. बायकोची चेन गहाण टाकली, पैसे भरले, पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. तीन वर्षांनी स्कूटरच्या कर्जाला गेलो तेव्हा समोरच्या बाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्या खात्यापुढे 'सेटल्ड' लिहिलेलं. आपल्या डोक्यात त्याचा अर्थ 'मिटलं', बँकेच्या डोक्यात 'या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत'. आपल्याला हवा असतो तो शब्द 'क्लोज्ड'.

मग त्या कार्डवाल्या बँकेला पत्र लिहून सोडून दिलेली रक्कम किती ते विचारलं. दंड आणि व्याजावरून दोन महिने घासाघीस चालली. ठरलेली रक्कम भरली, 'नो ड्यूज' म्हणजे काही देणं बाकी नाही असं पत्र हातात घेतलं, तेव्हा कुठे नोंद बदलली. कुणी तडजोड सुचवली तर उरलेल्या पैशांचं काय आणि तुमच्या क्रेडिट रिपोर्टात, म्हणजे कर्जा-कार्डांच्या नोंदींत, काय लिहून जाणार, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्या. मी घेतलं नव्हतं.

म्हणून आधी रिपोर्ट काढा. नुसता ॲपमधला आकडा नको, पूर्ण रिपोर्ट. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा तो फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. स्वतःचा रिपोर्ट स्वतः पाहिल्याने स्कोअर घटत नाही. बँकेने तुमच्या अर्जावरून पाहिला की मात्र चौकशीची नोंद पडते. तुमच्या अशा चार पडल्यात, आणि पाचवी बँक त्या बघूनच कपाळाला आठ्या घालणार.

रिपोर्टात प्रत्येक महिन्यापुढे हप्ता किती दिवस उशिरा भरला ते आकड्यात असतं. ००० म्हणजे वेळेत. ०९० च्या पुढे गेलेलं खातं असेल तर नकाराचं कारण बहुधा तिथेच सापडेल. आणखी एक, मेव्हण्याच्या कर्जाला जामीन राहिला असाल तर तेही तुमच्या रिपोर्टात येतं. सही आपण चहा पिता पिता करतो आणि विसरतो! फेडलेलं कर्ज चालू दिसत असेल, किंवा न घेतलेलंच कर्ज दिसत असेल, तर त्या कंपनीच्या साइटवर तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी. ही तरतूद २०२४ पासून आहे, फारशी कुणाला माहीत नसते.

आता कार्ड. तुमच्या परिस्थितीत मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड घ्या. १५-२० हजारांची एफडी करायची, बँक तिच्यावर ताबा ठेवते आणि ठेवीच्या साधारण ७५ ते १०० टक्के मर्यादेचं कार्ड देते. एफडीचं व्याज आपल्याला मिळत राहतं. बिल थकवलंत तर बँक ती मोडून पैसे वळते करून घेते, म्हणून तिथे स्कोअरचा फारसा बाऊ होत नाही. कार्डाचा व्यवहार त्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांकडे कळवला जातो ना, एवढं शाखेत विचारून घ्या. नाहीतर सगळा खटाटोप वाया.

वापर मी असा ठेवला होता: मोबाइल रिचार्ज, वीजबिल, महिन्यातून दोनदा पेट्रोल, बस्स. १८ हजारांच्या मर्यादेत पाच हजारांच्या वर जायचं नाही. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत खर्च राहिलेला बरा, असं सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. बिल आलं की पूर्ण भरायचं. 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलावर छापलेली किमान रक्कम, हा ठरवून खणलेला खड्डा आहे. तेवढंच भरलं तर उशिराची नोंद होत नाही, पण उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढतं, म्हणजे वर्षाचे ४० टक्क्यांच्या वर, त्यावर जीएसटी वेगळा. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. कार्डातून एटीएमवर रोख तर काढूच नका.

मला ६०० च्या आतून ७३० वर यायला जवळपास दीड वर्ष लागलं. २०२५ पासून बँकांना महिन्यातून निदान दोनदा माहिती कळवावी लागते, त्यामुळे बदल आता लवकर दिसतो, पण जुने उशीर ३६ महिने दिसत राहतातच.

रिपोर्ट आला की खाते क्रमांक झाकून इथे सांगा, कुठे 'सेटल्ड' किंवा 'रिटन ऑफ' (बँकेने बुडीत धरलेलं) आहे आणि रक्कम किती. मी बँकेला लिहिलेल्या पत्राचा मजकूर माझ्याकडे आहे, तो टाकतो.